थोरलीचा राहिलेला डोस

*पत्र, थोडक्यात:*

*ताई, मला दोन मुली. थोरली सहा वर्षांची, धाकटी पाच महिन्यांची. बारा दिवसांपूर्वी थोरलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, की वरच्या वर्गातल्या एका मुलाला गोवर झालाय. तेव्हापासून झोप उडाली आहे. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा दीड वर्षाचा आहे आणि त्याला गोवराची लस दिलेलीच नाही. सहाव्या महिन्यात कुठलीशी लस टोचल्यावर त्याला रात्री ताप चढून आकडी आली होती. त्यानंतर ती लसीचं नावही काढू देत नाही. वर लसीमुळे मुलं स्वमग्न होतात असे व्हिडिओ मला पाठवते. सासूबाईंचं म्हणणं, ‘आम्हा सगळ्यांना गोवर आला होता, मेलो का आम्ही?’ पुढच्या महिन्यात आम्ही सगळे आठ दिवस एकाच घरात राहणार आहोत. माझ्या बाळाला अजून ही लस देता येत नाही. थोरलीचं सगळं वेळच्या वेळी झालंय, एक दुसरा डोस तेवढा धाकटीच्या वेळच्या गडबडीत राहिला. जावेला कसं पटवू? आणि संपला म्हणत होते तो आजार परत आलाच कसा?*

*— एका घरातली थोरली जाऊ*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्याबरोबर मीही जावेवर चिडले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडच्या एका वाक्यावर थांबले. ‘एक दुसरा डोस तेवढा राहिला.’ पत्रभर जावेचा मुलगा आहे आणि हे वाक्य मात्र कोपऱ्यात, अंग चोरून उभं आहे. म्हणून आधी तिथूनच सुरुवात करते. राग मानू नका.

जावेचा मुलगा पुढच्या महिन्यात तुमच्या घरात येणार आहे. थोरली रोज शाळेत जाते, रोज घरी येते आणि दप्तर टाकलं की धाकटीचा पापा घेते. गोवर तुमच्या पाळण्यापर्यंत यायचा असेल, तर जवळचा रस्ता कुठला, तुम्हीच सांगा.

आता घाबरून जाऊ नका, थोरली उघडी पडलेली नाही. गोवराचा एक डोस घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण 93 जणांना पुरतं संरक्षण मिळतं. उरलेल्या सात जणांच्या शरीरानं लस ‘धरलेली’ नसते. दुसरा डोस आहे तो मुख्यतः त्या सात जणांसाठी. लोकांना वाटतं पहिल्या डोसाचा जोर ओसरतो म्हणून दुसरा, वरून रंगाचा हात मारल्यासारखा. तसं नाही. पहिल्या फेरीत जे निसटले त्यांना पकडायची ती दुसरी फेरी आहे, आणि तिच्यानंतर आकडा 97 च्या आसपास जातो. अडचण एवढीच की आपलं मूल त्र्याण्णवांतलं की सातांतलं, हे तोंडावरून कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच दोन. तेव्हा पुढच्या महिन्याची वाट न पाहता याच आठवड्यात तिला घेऊन जा. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात. तुमचे ते आठ दिवस यायच्या आत हा हिशेब नीट बसतो.

शाळेतल्या त्या मुलाबद्दल. गोवराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप-सर्दी सुरू व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, पुरळ त्यानंतर दोन-चार दिवसांनी. क्वचित हे सगळं तीन आठवड्यांपर्यंत लांबतं. संसर्ग झालेलं मूल पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून पुरळ आल्यावर चार दिवसांपर्यंत आजार पसरवत असतं. आधीचे चार दिवस हीच गोम आहे. तेव्हा मूल फक्त शिंकत असतं, डोळे जरा लाल असतात, आई म्हणते हवा बदललीय. चिठ्ठी येते तोवर जे पसरायचं ते पसरून झालेलं असतं. तुम्हाला चिठ्ठी येऊन बारा दिवस झाले, म्हणजे अजून आठ-दहा दिवस थोरलीवर डोळा ठेवा. ताप, नाक गळणं, कोरडा खोकला, लाल पाणावलेले डोळे आणि उजेड सहन न होणं ही लक्षणं दिसली, तर पहिलं काम म्हणजे तिला बाळापासून वेगळ्या खोलीत ठेवायचं. दुसरं काम म्हणजे दवाखान्यात फोन करायचा. थेट जायचं नाही, आधी फोन. गोवराचं मूल ज्या खोलीत बसून गेलं त्या खोलीच्या हवेत तो विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. तुम्ही निघून गेल्यावर तासाभरानं त्याच बाकावर दुसरं कुणी तान्हं मूल घेऊन बसतं. डॉक्टरांना आधी कळवलं, तर ते तुम्हाला मागच्या दारानं किंवा सगळ्यात शेवटी बोलावतील.

आणि त्या आधी बाळ कुणा गोवर झालेल्याच्या संपर्कात आल्याचं नक्की कळलं, तर तास मोजायला लागा. सहा महिन्यांवरच्या मुलाला संपर्कापासून 72 तासांच्या आत लस दिली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तुमच्या पाच महिन्यांच्या बाळासारख्यांना आजाराशी लढणाऱ्या तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. ते सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. सातव्या दिवशी ‘अहो, विचारायचं राहिलं’ म्हणून उपयोग नाही. हे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, फोनमध्ये नको, भिंतीवर.

तुमचं बाळ पुढच्या महिन्यात सहा महिन्यांचं होईल. आजूबाजूला साथ असेल, तर सहा महिन्यांपासून जादाचा एक डोस देता येतो. तो हिशेबात धरत नाहीत. पुढचे दोन डोस ठरलेल्या वयात पुन्हा घ्यावेच लागतात, कारण इतक्या लहान वयात आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लसीच्या आड येतात. एरवी पहिला डोस देशागणिक नऊ ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान असतो, तोही याच कारणासाठी. आईची शिदोरी सरत आलेली असते आणि बाळाची स्वतःची तयारी अजून सुरू व्हायची असते. या मधल्या काही महिन्यांत बाळाभोवती आपण सगळ्यांनी उभं राहायचं असतं. यात तुम्ही स्वतःही आलात. तुमचे दोन डोस झालेत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. झाले नसतील किंवा आठवत नसेल, तर थोरलीबरोबर तुम्हीही घेऊन टाका. अंगावर पाजत असताना ही लस चालते. गरोदरपणात चालत नाही. आणि नुकती लस घेतलेल्या थोरलीपासून बाळाला गोवर होईल का, ही शंका कुणीतरी तुमच्या डोक्यात घालणारच, म्हणून आधीच सांगते: नाही होत.

आता सासूबाई.

त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना गोवर झाला, त्या जगल्या, त्यांच्याबरोबरची बरीच मुलंही जगली. लस येण्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला गोवर व्हायचाच, त्यामुळे तो आजार न वाटता वयाचा एक टप्पा वाटायचा, दात येण्यासारखा. पण 1963 मध्ये लस आली आणि पुढे जगभर पोचली, त्याआधी या ‘टप्प्यात’ दरवर्षी जगात सुमारे 26 लाख माणसं मरत होती आणि त्यांत बहुतेक मुलं होती. ‘मेलो का आम्ही’ असं विचारायला मेलेलं कुणी येत नाही. एवढं म्हणून मी गप्प बसेन. तुम्हीही बसा, सासूबाईंशी वाद घालू नका.

त्यापेक्षा त्यांचा गोवर उपयोगात आणा. 1846 मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. त्याआधीची साथ होती 1781 ची. मधली 65 वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हताच. पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर तिथं गेला आणि गावोगाव हिंडून त्यानं नोंदी केल्या. जेमतेम 7,800 वस्तीपैकी सहा हजारांवर माणसं आजारी पडली होती, तरणीताठीसुद्धा. पण 1781 च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांनंतरही त्यांच्या शरीराला त्याची ओळख होती. याचा तुमच्या घरातला अर्थ असा: लहानपणी खरोखरच गोवर येऊन गेला असेल, तर घरात कुणी आजारी पडलंच तेव्हा त्याच्या खोलीत जायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे तुमच्या सासूबाई. हे त्यांना सांगा. ‘तुमचं चुकतंय’ हे ऐकण्यापेक्षा ‘हे तुम्हालाच जमेल’ हे ऐकायला त्यांना आवडेल, आणि ते खरंही आहे.

मी शिकत होते तेव्हा गोवराचा वॉर्ड पाहिलाय. पडदे ओढलेले, कारण त्या मुलांना उजेड डोळ्यांत खुपतो. लहान मुलांच्या वॉर्डात एरवी जो कलकलाट असतो तो तिथं नव्हता, होती ती खोकल्याची ढास आणि एक बारीक, चिडचिडं, न थांबणारं रडणं. आमच्या मॅडमनी एका मुलाचा गाल आतून टॉर्चनं दाखवला. लालसर ओल्या चामडीवर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. ‘हे आज दिसलं, आता उद्या-परवा कानामागून पुरळ निघेल,’ त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. कानामागे, केसांच्या कडेला, मग चेहरा, मग छाती, असं वरून खाली उतरत गेलं. पुरळानं ते मूल दगावलं नाही, पुरळानं कुणीच दगावत नाही. ते वाचलं. शेजारच्या खाटेवरचं वाचलं नाही, त्याला निमोनिया झाला. गोवरात मृत्यू येतो तो बहुधा असा, मागून आलेल्या दुसऱ्या आजारानं. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. आणि फार थोड्या मुलांत, विशेषतः अगदी तान्हेपणी गोवर झालेल्यांत, विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि सात-दहा वर्षांनी, शाळेत जाणारं हसतं-खेळतं मूल हळूहळू सगळं विसरायला लागतं. त्यावर आजही इलाज नाही. हे जावेला सांगायला नको. हे तुम्हाला सांगतेय, पुढे तुम्हाला ‘नाही’ म्हणायची वेळ येईल तेव्हा पाय डगमगू नयेत म्हणून.

गोवर उतरल्यावरही मूल लगेच पूर्ववत होत नाही. जुन्या आयांना हे माहीत होतं, ‘गोवर आल्यापासून पोर सारखं आजारीच’ असं त्या म्हणायच्या. त्यामागचं कारण 2019 मध्ये नीट कळलं. नेदरलँडमधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासलं, तेव्हा आधीच्या आजारांविरुद्ध शरीरानं कमावलेल्या प्रतिद्रव्यांपैकी 11 ते 73 टक्के पुसली गेलेली आढळली. शरीरानं जमवलेली वही गोवर फाडून टाकतो. ‘एकदा होऊन गेलेला बरा’ म्हणणाऱ्यांना या वहीची किंमत मोजावी लागते.

तुमचा दुसरा प्रश्न, गेलेला आजार परत कसा आला. तो कुठे गेलाच नव्हता. देवी गेली. 1980 मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, आता कुणाला टोचायला नको. गोवराचं तसं झालं नाही. काही देशांत तो स्थानिक पातळीवर पसरायचा थांबला, एवढंच. अमेरिकेत 2000 मध्ये, कॅनडात 1998 मध्ये. मग 2025 मध्ये टेक्सासमध्ये साडेसातशेहून अधिक जणांची साथ आली आणि लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुलं गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कॅनडानं ‘गोवरमुक्त’ हा दर्जाच गमावला. पैसा, दवाखाने, लस, तिथं कशाचीच कमतरता नव्हती. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्यांच्या गर्दीत बारा ते अठरा जणांना आजार देतो. इतका पसरणारा दुसरा आजार शोधून सापडणं अवघड. त्याला अडवायचं तर शंभरातल्या 95 जणांचे दोन्ही डोस झालेले हवेत. नव्वद झाले, तर परीक्षेत उत्तम, गोवरापुढे नापास. म्हणून लसीकरण कुठेही जरा ढिलं पडलं की घटसर्पाच्या आधी, डांग्या खोकल्याच्याही आधी बहुधा गोवर येतो. छपराला भोक कुठे आहे ते पहिल्या सरीत कळतं, तसं.

आणि ही भोकं सगळी नकार देणाऱ्यांची नसतात, हे मात्र तुमच्याशी स्पष्ट बोलते. नकार देणारे ओरडतात म्हणून दिसतात. ‘राहून गेलं’वाले गप्प असतात. बदली झाली, कार्ड हरवलं, त्या दिवशी मुलाला सर्दी होती, डॉक्टर रजेवर होते, धाकटं पोटात होतं. विषाणूला यातलं कारण विचारायची सवय नाही.

आता जाऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही तिला जिद्दी समजताय आणि मला ती घाबरलेली दिसतेय.

आकडी पाहिलीय कधी तुम्ही? मूल ताठ होतं, डोळे वर जातात, हातपाय झटकतात, ओठ निळसर पडतात. असतं मिनिट-दोन मिनिटांचं, पण आईला वाटतं मूल गेलं. तापातली साधी आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत बऱ्यापैकी आढळते आणि बहुतेकदा मागे काही ठेवून जात नाही. हे डॉक्टरांना माहीत असतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सहज म्हणतात, ‘होतं असं, काळजी करू नका.’ त्या रात्री तिनं जे पाहिलं त्याला ‘होतं असं’ हे उत्तर नव्हे. त्या वेळी घरातलं कुणी तिच्याजवळ बसलं होतं का? तुम्ही बसला होतात का? मी दोष देत नाही. पण त्या रात्रीबद्दल तिला आजवर कुणी नीट विचारलं नसेल, तर तिला उत्तर देणारं माणूस शेवटी त्या व्हिडिओतच सापडलं, यात नवल काय!

विश्वास उडाला की काय होतं, ते सामोआत दिसलं. प्रशांत महासागरातला दोन लाख वस्तीचा देश. जुलै 2018 मध्ये तिथं दोन तान्ही मुलं लस टोचल्यावर काही मिनिटांत दगावली. लसीची पूड पाण्यात कालवायची असते. परिचारिकांनी पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं, मुदत उलटलेलं औषध घातलं होतं. लसीत दोष नव्हता, चूक माणसाची होती. दोन्ही परिचारिकांना पुढे शिक्षाही झाली. पण चौकशीत काही महिने लसीकरण थांबवलं गेलं, अफवांनी उरलेलं काम केलं आणि गोवराची लस घेतलेल्या तान्ह्या मुलांचं प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. 2019 मध्ये बाहेरून एक रोगी आला असेल-नसेल, देशभर गोवर पेटला. 5,700 हून अधिक रुग्ण, 83 मृत्यू, त्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. डिसेंबरात सरकारनं दोन दिवस सगळा देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेलं कुणी असेल त्या घराबाहेर लाल कापड बांधायला सांगितलं आणि पथकं दारोदार फिरली. लोकांनी कापडं बांधली. वर्षभर लस नको म्हणणारे लोक ‘आमच्याकडे या’ म्हणून लाल कापड बांधत होते. त्यांना शेवटी पटवलं ते शेजारच्या घरातून निघालेल्या छोट्या शवपेट्यांनी. तुमच्या जावेला तिथवर न जाता पटावं, एवढीच आपली धडपड.

तिला काय सांगायचं? आधी काहीच नाही. आधी विचारायचं. ‘त्या रात्री नेमकं काय झालं होतं गं? मी तुला कधी विचारलंच नाही.’ आणि मग तिला पुरतं बोलू द्यायचं, मध्ये ‘पण’ न घालता. अवघड आहे. मला स्वतःला जमलेलं नाही नेहमी. नवी डॉक्टर असताना अशीच एक आई माझ्यासमोर बसली होती, मी तिला आकडे ऐकवले, वरून ‘तुम्ही शिकलेल्या असून’ असंही म्हटलं. तिनं पदर सावरला, मान डोलावली आणि पुन्हा कधी आली नाही. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि ते मूल लसीविना राहिलं ते माझ्यामुळे.

बोलून झाल्यावर खरं सांगायचं, अवघड खरंसुद्धा. ‘लसीनं काहीच होत नाही’ असं म्हणू नका. तिनं होताना पाहिलंय, पुढचं तुमचं काहीच ती ऐकणार नाही. गोवराच्या लसीनंतरही काही मुलांना ताप येतो, बहुधा सातव्या ते बाराव्या दिवसात, आणि साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला त्या तापात आकडी येते. आधी एकदा आकडी आलेल्या मुलाला ही शक्यता थोडी जास्त. म्हणून लस टाळायची नसते, डॉक्टरांना आधी सांगून द्यायची असते, आणि ते सहा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवायचे. ताप आल्यास औषध किती द्यायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आकडी आली तर मूल कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर उचलून दवाखान्यात न्यायचं, हे आधीच शिकून ठेवायचं. आणि तिला म्हणा, ‘सातव्या दिवसापासून रात्री मी तुझ्याकडे झोपायला येते.’ माझ्या मते या एका वाक्यात जेवढी ताकद आहे तेवढी माझ्या सगळ्या आकड्यांत मिळून नाही. गोवरात सहसा भरपूर ताप चढतो आणि त्यात आकडीचा धोका लसीपेक्षा कितीतरी जास्त, हेही सांगा, पण नंतर.

व्हिडिओंवर बोलू नका. तिनंच विषय काढला तर एवढं सांगा: ही गोष्ट सुरू झाली 1998 मध्ये, अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या एका शोधनिबंधातून. मुलं होती फक्त बारा. पुढे निबंधातली माहितीच खोटी असल्याचं उघड झालं, 2010 मध्ये तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं गेलं. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. बारा मुलं एकीकडे, साडेसहा लाख दुसरीकडे. यावर ती वाद घालू लागली तर विषय बदला.

एवढं करून ती नाही म्हणाली तर? मग ते आठ दिवस तुम्ही बाळाला घेऊन त्या घरात राहायचं नाही, निदान आसपास गोवर असेपर्यंत. माझं मत स्पष्ट आहे. दिवसा उघड्यावर भेटा, बाळाला लांब ठेवा, पण एका छपराखाली झोपू नका. हे सांगताना ‘तुझ्या मुलामुळे’ हा शब्द तोंडून जाऊ देऊ नका. ‘बाळाची लस व्हायचीय, डॉक्टरांनी गर्दीत नेऊ नका म्हटलंय’ एवढं पुरतं आणि कुठलाही डॉक्टर तेच सांगेल. आणि हे बोलणं तुम्ही एकटीनं का करायचं? तुमच्या पत्रात तुमचे यजमान नाहीत, दीर नाहीत. मुलं दोघा भावांची आहेत, भांडण मात्र दोघी जावांनी करायचं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. भाऊ भावाशी बोलू दे.

पण माझा अंदाज आहे, तिथवर वेळ येणार नाही. कारण तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी माझ्या हातात कधी नव्हती. तुमचंही राहिलंय. आज संध्याकाळी तिला फोन करा आणि तेच सांगा. ‘अगं, थोरलीचा दुसरा डोस माझ्याकडून राहूनच गेला. शनिवारी नेतेय. एकटीला धाकधूक वाटतेय, येशील का बरोबर?’ तिच्या मुलाचं नाव काढू नका. ती आली तर नुसती येऊ दे, बाकावर बसू दे, डॉक्टरांना तिला जे विचारायचंय ते विचारू दे. थोरलीला टोचून झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं असतं, बोलायला तेवढा वेळ मिळतो.

जाताना थोरलीचं कार्ड घ्या. सापडलं नाही तरी जा. एखादा डोस चुकून जास्त झाला तरी काही बिघडत नाही.